परक्या मैदानावरचा प्रेक्षक

पदरचे पैसे मोजून अपमान विकत घेण्याची हौस कोणालाही नसते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रतिस्पर्ध्याच्या गावी जाऊन, प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर आपल्या संघाचा सामना पाहणारा प्रेक्षक या समजाला मोठा अपवाद ठरतो. तो शेकडो किलोमीटरचा प्रवास करतो, हक्काची रजा खर्ची घालतो, नेहमीपेक्षा महाग तिकीट काढतो आणि जेथे आपले स्वागत होणार नाही हे त्याला पुरते ठाऊक असते तेथे जाऊन अडीच-तीन तास बसतो. अमेरिकेतील बेसबॉलच्या मैदानांवर असे प्रेक्षक मोठ्या संख्येने आढळतात. त्यांच्या तक्रारी बेसबॉलइतक्याच जुन्या आहेत आणि त्या ऐकून हसण्याची रीतही तितकीच जुनी आहे. ज्याला सोसवत नाही त्याने घरी बसावे, हे त्यांना नेहमी मिळणारे उत्तर. हे उत्तर जितके सोपे तितकेच अपुरे आहे. कारण क्लब जेव्हा तिकीट विकतो तेव्हा तो नेमके काय विकतो, केवळ एक आसन की त्या आसनावर निर्धास्तपणे बसण्याचा अधिकारही, हा प्रश्न या तक्रारींच्या मुळाशी आहे.

बेसबॉलच्या व्यवस्थेची थोडी माहिती असल्याखेरीज हा प्रश्न नीट कळणार नाही. तेथील सर्वोच्च स्पर्धेत ३० संघ आहेत. त्यांपैकी २९ अमेरिकेतील आणि एक कॅनडातील टोरंटोचा. प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो. ८१ स्वतःच्या मैदानावर आणि ८१ इतरांच्या. म्हणजे अर्धा हंगाम प्रत्येक संघ पाहुणा असतो. युरोपातील फुटबॉलच्या मैदानावर पाहुण्या संघाच्या चाहत्यांसाठी स्वतंत्र, कुंपण घातलेला कोपरा राखून ठेवतात. त्यांना वेगळ्या दाराने आत घेतात आणि पुष्कळदा सामना संपल्यावर यजमान प्रेक्षकांची पांगापांग होईपर्यंत आतच थांबवून ठेवतात. बेसबॉलमध्ये असा कोपरा नाही. भारतातील क्रिकेटच्या मैदानांप्रमाणेच तेथे ज्याला जे तिकीट मिळेल त्या जागी तो बसतो. त्यामुळे प्रतिस्पर्ध्याची टोपी घातलेला माणूस यजमान संघाच्या चाहत्यांच्या अगदी मधोमध, मागेपुढे आणि डावीउजवीकडे विरोधकच, अशा स्थितीत सामना पाहतो. ही व्यवस्था कोणी विचारपूर्वक आखली असे नव्हे. ती आपोआप रूढ झाली. तथापि तिच्यात एक गृहीत तत्त्व दडलेले आहे. दोन विरुद्ध बाजूंची माणसे खांद्याला खांदा लावून बसू शकतात, हेच ते तत्त्व होय.

त्याची खरी कसोटी लागते ती जुन्या वैऱ्यांच्या सामन्यात. सॅन फ्रान्सिस्को जायंट्स आणि लॉस एंजेलिस डॉजर्स हे दोन्ही संघ मूळचे न्यूयॉर्कचे. डॉजर्स हे नावही ब्रुकलिनच्या रस्त्यांवर ट्रॅमगाड्या चुकवीत चालणाऱ्या लोकांवरून पडलेले. एकाच शहरातील या दोन संघांच्या चाहत्यांना परस्परांच्या मैदानावर जाण्यासाठी भुयारी रेल्वेचे तिकीट पुरेसे होते. १९५७ चा हंगाम संपताच दोन्ही क्लबांनी एकदमच न्यूयॉर्क सोडले आणि चार हजार किलोमीटरवरील कॅलिफोर्नियात बस्तान हलविले. हाडवैर मात्र सोबत नेले. आता दोन्ही मैदानांमधील अंतर सहाशे किलोमीटरहून अधिक आहे आणि शेजारच्या मोहल्ल्यातील भांडणाला दोन महानगरांच्या अस्मितेचे रूप आले आहे. पूर्व किनाऱ्यावर बोस्टन रेड सॉक्स आणि न्यूयॉर्क यांकीज यांचे नातेही असेच. बोस्टनने बेब रूथ हा अलौकिक खेळाडू १९१९ च्या अखेरीस न्यूयॉर्कला विकला. त्यानंतर यांकीजने विजेतेपदांची रास रचली, आणि १९१८ साली जिंकलेल्या बोस्टनला पुढच्या विजेतेपदासाठी २००४ पर्यंत, तब्बल ८६ वर्षे, वाट पाहावी लागली. इतक्या दीर्घ दुःखाचे वारस न्यूयॉर्कच्या मैदानात जाऊन बसतात तेव्हा ते केवळ करमणुकीसाठी गेलेले नसतात, हे उघड आहे. न्यू जर्सी, बोस्टन आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुलेही या वैराची वाटेकरी होऊन वाढत असल्याने हा विषय मराठी वाचकाला वाटतो तितका दूरचा राहिलेला नाही.

अशा पाहुण्याच्या वाट्याला येणाऱ्या अडचणींची सुरुवात तिकिटापासूनच होते. एकाच आसनाला सर्व सामन्यांसाठी एकच दर, ही जुनी पद्धत होती. मागणी पाहून दर रोज वरखाली करण्याचा प्रयोग जायंट्स क्लबने २००९ साली काही आसनांपुरता केला आणि पुढच्या वर्षी तो सगळ्या मैदानाला लागू केला. इतर क्लबांनीही तोच मार्ग धरला. साहजिकच ज्या सामन्याला पाहुणे अधिक येतात त्याचे तिकीट महाग, असा नियमच होऊन बसला. त्याआधी, २००७ साली, बेसबॉल संघटनेने तिकिटांची फेरविक्री करणाऱ्या एका मोठ्या कंपनीशी करार केला होता. एकेकाळी मैदानाबाहेर दबक्या आवाजात चालणारा काळाबाजार त्यामुळे राजमान्य झाला. आता यजमान गावातील हंगामी तिकीटधारक मोठ्या सामन्याची तिकिटे चढ्या भावाने विकून वर्षाचा खर्च भरून काढतो. ती विकत घेणारा बहुधा पाहुणाच असतो. म्हणजे ज्याच्या येण्याबद्दल मैदानात सर्वाधिक आरडाओरडा होतो, त्याच्याच खिशातून मैदानाचा खर्च काही अंशी भागतो.

आत गेल्यावरची त्याची अवस्था मोठी चमत्कारिक असते. फळ्यावरील मोठ्या पडद्यावर यजमान खेळाडूंच्या पराक्रमाची पुनरावृत्ती पुन्हापुन्हा दिसते. पाहुण्यांच्या उत्तम फटक्यानंतर मात्र पडदा कोऱ्या चेहऱ्याने गप्प बसतो. पुढच्या रांगेतील मंडळी ऐन मोक्याला उठून उभी राहतात. त्यांना बसण्याची विनंती करावी तर आधी त्यांचे लक्ष टोपीवरील अक्षरांकडे जाते आणि मग विनंतीचे जे व्हायचे तेच होते. आपल्या संघाने धाव काढली तर टाळी वाजवावी की न वाजवावी, हा तर त्याच्यापुढचा नित्याचा पेच. वाजवावी तर दहा माना वळतात. न वाजवावी तर इतक्या दूर आलो कशाला, हे मन विचारते. सोबत लहान मूल असेल तर हा पेच अधिकच अवघड होतो. त्याला टोपी काढून ठेव म्हणून सांगणे म्हणजे भिणे, आणि घालून बस म्हणून सांगणे म्हणजे त्याच्या कानांवर नको ते शब्द पडू देणे.

अर्थात यातील बराचसा भाग खेळाचाच आहे, हे मान्य केले पाहिजे. टिंगल, टवाळी, एकसुरात केलेला गलका यांवाचून मैदान म्हणजे वाचनालय होईल. शिकागोच्या रिग्ली फील्ड या १९१४ सालच्या मैदानावर एक प्रसिद्ध प्रथा आहे. पाहुण्या संघाच्या खेळाडूने मारलेला होमरनचा चेंडू प्रेक्षकांत पडला, तर तो झेलणाऱ्याने परत मैदानात भिरकावून द्यायचा. शत्रूची भेट नको, हा त्यामागचा आविर्भाव. आसपासचे लोक ‘फेक, फेक’ असा घोष करतात आणि आयुष्यात एकदाच हाती आलेला चेंडू बिचाऱ्याला सोडावा लागतो. चेंडू झेलणारा पाहुणाच असेल तर त्याची अडचण काय वर्णावी! पण या प्रथेत कोणाचेही वाकडे होत नाही आणि तिच्याविषयी पाहुणेही हसतखेळत बोलतात. थट्टा आणि छळ यांच्यामधील रेषा बारीक असली तरी ती असते. थट्टा संघाची होते, छळ माणसाचा होतो. थट्टा सामन्याबरोबर संपते, छळ मैदानाबाहेर पाठलाग करतो.

ही रेषा पुसली गेली म्हणजे काय घडते, हे ३१ मार्च २०११ रोजी लॉस एंजेलिसमध्ये दिसले. हंगामाचा पहिला सामना, डॉजर्सचे मैदान आणि आदल्या वर्षीचे विजेते जायंट्स पाहुणे. उत्तर कॅलिफोर्नियातून सामना पाहण्यासाठी आलेला जायंट्सचा एक चाहता, व्यवसायाने रुग्णवाहिकेवरील शुश्रूषक, सामना संपल्यावर मोटारतळावरून परत निघाला असताना दोघांनी त्याला गाठून बेदम मारहाण केली. दुसऱ्यांचे प्राण वाचविणे हे ज्याचे काम त्याच्याच मेंदूला कायमची इजा झाली. चालणे, बोलणे त्याला नव्याने शिकावे लागले. त्याचा अपराध एवढाच की त्याच्या अंगावर दुसऱ्या संघाचे कपडे होते. काही दिवसांनी, ११ एप्रिलला, हेच दोन संघ सॅन फ्रान्सिस्कोत समोरासमोर आले तेव्हा दोन्ही बाजूंच्या खेळाडूंनी प्रेक्षकांपुढे येऊन संयमाचे आवाहन केले. ते योग्यच होते. परंतु दिवे पुरेसे आहेत की नाहीत आणि पहारेकरी जागेवर आहेत की नाहीत, हे प्रश्न आवाहनांनी सुटत नाहीत.

ते न्यायालयात गेले. मारहाण करणाऱ्या दोघांनी २०१४ च्या प्रारंभी गुन्हा कबूल केला आणि त्यांना अनुक्रमे आठ व चार वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये दिवाणी दाव्यात ज्यूरीने सुमारे १ कोटी ८० लाख डॉलरची नुकसानभरपाई ठरविली आणि दोषाचा एक चतुर्थांश वाटा डॉजर्स क्लबच्या माथी मारला. क्लबचे त्यावेळचे मालक मात्र व्यक्तिशः जबाबदार धरले गेले नाहीत. जखमी प्रेक्षकानेही मद्य घेतले होते आणि काही दोष त्याचाही होता, असा बचाव करण्यात आला होता. ज्यूरीने त्याच्याकडे दोषाचा काडीमात्र वाटा दिला नाही. या निकालाचे महत्त्व रकमेत नाही. परक्या मैदानात जाणाऱ्याने धोका पत्करलेलाच असतो, या आजवर निमूटपणे मानल्या गेलेल्या समजुतीला त्याने छेद दिला. तिकीट घेऊन आलेला माणूस दारातून बाहेर पडून आपल्या गाडीत बसेपर्यंत यजमानाच्या आश्रयाखाली असतो, आणि तो कोणत्या संघाचा आहे याने त्या आश्रयात उणेअधिक होत नाही, असाच त्याचा अर्थ आहे.

या आश्रयाची जाणीव क्लबांना किती आहे, हे बिअरच्या विक्रीवरून दिसते. नऊ डावांपैकी सातवा संपला की मद्यविक्री बंद, असा बहुतेक मैदानांवरील प्रघात होता. प्रेक्षक गाडी हाकायला बसण्यापूर्वी त्याची नशा थोडी उतरावी आणि डोकी थंड व्हावीत, हा त्याचा हेतू. २०२३ साली चेंडू टाकण्यावर घड्याळाचे बंधन आले आणि सामन्याचा सरासरी काळ आदल्या वर्षीच्या ३ तास ४ मिनिटांवरून सुमारे २ तास ४० मिनिटांवर आला. खेळ आटोपशीर झाला म्हणून सर्वांनी समाधान व्यक्त केले. मात्र पहिल्या काही आठवड्यांतच अनेक क्लबांनी विक्रीची मुदत आठव्या डावापर्यंत वाढविली. वेळ कमी झाला, तर पिण्याचा काळ कमी होऊ नये, हा त्यामागील हिशेब. नशा उतरण्याच्या अवधीतून काटलेली ही मिनिटे कोणाच्या जिवावर काढली जातात, याचा विचार त्या हिशेबात दिसत नाही.

सगळा दोष क्लबांच्या पदरी टाकून प्रेक्षकांना निर्दोष ठरविता येणार नाही, हेही खरे. १९ ऑक्टोबर २००४ रोजी यांकी स्टेडियमवर बोस्टनविरुद्धच्या सामन्यात पंचांचा एक निर्णय फिरला तेव्हा प्रेक्षकांनी हाती येईल ते मैदानात भिरकावले आणि दंगलविरोधी पोशाखातील पोलीस सीमारेषेवर ओळीने बसवावे लागले. मे २०१७ मध्ये बोस्टनच्या फेनवे पार्कवर बाल्टिमोरचा कृष्णवर्णीय खेळाडू अॅडम जोन्स याला वंशवाचक शिव्या ऐकाव्या लागल्या आणि त्याच्या दिशेने शेंगदाण्यांची पिशवीही फेकण्यात आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये अंतिम मालिकेच्या सामन्यात न्यूयॉर्कच्या दोघा प्रेक्षकांनी डॉजर्सच्या मूकी बेट्सचा हात धरून त्याच्या हातमोज्यातील चेंडू ओढून काढण्याचा प्रयत्न केला. हजारो लोकांच्या देखत खेळाडूची ही गत होत असेल, तर वरच्या मजल्यावरील अंधाऱ्या जिन्यात पाहुण्या प्रेक्षकाची काय होत असेल, याची कल्पना करता येते. पण फेनवे पार्कवर दुसऱ्या दिवशी जे घडले तेही नोंदले पाहिजे. जोन्स फलंदाजीला येताच त्याच मैदानातील प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्यांचा गजर केला. जमाव हा एका स्वभावाचा प्राणी नसतो. त्यातील कोणत्या वृत्तीला मोकळीक मिळते आणि कोणत्या वृत्तीला लाज वाटते, हे पुष्कळसे यजमानाच्या धोरणावर अवलंबून असते.

असे असताना काही क्लबांनी पाहुण्यालाच बाहेर ठेवण्याचा सोपा मार्ग शोधला आहे. वॉशिंग्टनच्या नॅशनल्स संघाला २०१० च्या पहिल्याच सामन्यात आपले मैदान फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाच्या चाहत्यांनी भरलेले पाहावे लागले. दोन शहरांतील अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आणि वॉशिंग्टनची तिकिटे सहज मिळणारी. त्या दिवशी पहिला चेंडू टाकण्यासाठी आलेले अध्यक्ष ओबामा यांनीही नॅशनल्सच्या जाकिटावर आपल्या शिकागोच्या व्हाइट सॉक्सची टोपी चढविली होती! दोन वर्षांनी, २०१२ च्या फेब्रुवारीत, क्लबने ‘आपले मैदान परत घ्या’ अशी मोहीम काढली. फिलीजविरुद्धच्या मे महिन्यातील सामन्यांची तिकिटे आरंभी केवळ वॉशिंग्टन, मेरिलंड आणि व्हर्जिनिया येथील पत्ते असणाऱ्यांनाच विकण्यात आली. तिकीटखिडकीवर पैशांऐवजी पत्ता तपासण्याचा हा प्रकार त्यावेळी चेष्टेचा विषय झाला. पण त्यातील तत्त्व चेष्टेचे नव्हते.

यजमान चाहत्याची बाजूही येथे ऐकून घेतली पाहिजे. संघ वर्षानुवर्षे हरत असताना जो मोकळ्या मैदानात निष्ठेने बसला, त्याला मोठ्या सामन्याच्या दिवशी आपल्याच घरात परक्यांचा जयघोष ऐकावा लागतो. त्याला वाईट वाटणे स्वाभाविक आहे. शिवाय पाहुणे नेहमीच दीनवाणे असतात असे नाही. संख्या वाढली की तेही शिरजोर होतात. परंतु या दुःखावरचा उपाय पाहुण्याला रोखणे हा नव्हे. फिलाडेल्फियाच्या चाहत्याने वॉशिंग्टनचे तिकीट चोरलेले नसते. ते त्याला एखाद्या वॉशिंग्टनकरानेच नफा घेऊन विकलेले असते, किंवा क्लबने मोठ्या खुशीने देऊन पैसे गल्ल्यात टाकलेले असतात. मैदान परक्यांनी भरले ही तक्रार करणाऱ्यांनी आधी ते घरच्यांनी रिकामे का ठेवले, याचा जाब स्वतःला विचारावा. नॅशनल्स पुढे जिंकू लागले तसे त्यांचे मैदान त्यांच्याच माणसांनी भरू लागले. त्याला पत्त्याची तपासणी कारणीभूत नव्हती.

पाहुण्याला रोखण्याचा मार्ग इतरांनी चोखाळून पाहिला आहे. इंग्लंडमध्ये मार्च १९८५ मध्ये मिलवॉल क्लबच्या प्रेक्षकांनी ल्यूटनच्या मैदानावर घातलेल्या धुमाकुळानंतर ल्यूटन टाउन क्लबने १९८६ पासून चार हंगाम पाहुण्या प्रेक्षकांना बंदी केली. अर्जेंटिनात २०१३ साली एका चाहत्याचा मृत्यू झाल्यानंतर पाहुण्या प्रेक्षकांवर सरसकट बंदी आली आणि ती वर्षानुवर्षे चालू राहिली. तेथील हिंसा त्यामुळे नाहीशी झाली नाही. एकाच संघाच्या टोळ्या आपापसांत लढू लागल्याचे प्रसंग घडले. शत्रू दिसेनासा झाला म्हणून शत्रुत्व संपत नाही. उलट ज्याचा चेहरा कधी पाहिलेला नाही, त्याच्याविषयी काहीही समज करून घेणे सोपे जाते. कुंपणे आणि बंदी या दोन्हींची सवय झालेल्या समाजाला एकत्र बसण्याची सवय पुन्हा लावणे किती कठीण असते, हे युरोपातील मैदानांवर पदोपदी दिसते. बेसबॉलपाशी ती सवय अजून शाबूत आहे. ती गमावणे परवडणारे नाही.

त्याच इंग्लंडने दुसऱ्या बाजूचा धडाही दिला आहे. चाहत्यांच्या संघटनांनी दीर्घकाळ चळवळ केल्यावर २०१६ च्या हंगामापासून प्रीमियर लीगमधील सर्व क्लबांनी पाहुण्या प्रेक्षकाच्या तिकिटाला ३० पौंडांची कमाल मर्यादा मान्य केली. पाहुण्यांचा कोपरा भरलेला असला तर सामन्याला रंग चढतो आणि तो रिकामा राहिला तर यजमानांचा गलकाही निष्प्राण होतो, हे व्यापारी वृत्तीच्या मालकांनाही उमगले. अमेरिकेतील क्लब दूरवरून आलेल्यांकडून जास्त घेण्याची शक्कल काढीत असताना इंग्रज क्लबांनी दूरवरून आलेल्यांकडून कमी घेण्याचे ठरविले. यांत उदारपणा असेल वा हिशेब. पाहुण्यावाचून सामना अपुरा आहे, ही कबुली त्यात निश्चित आहे.

हा विषय भारतालाही परका नाही. मुंबईचे वानखेडे स्टेडियम उभे राहिले तेच मुळी आसनांच्या वाटपावरून. ब्रेबोर्न स्टेडियमची मालकी असलेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचे तिकिटांवरून बिनसले आणि बॅ. शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर दुसरे मैदान बांधून काढले. जानेवारी १९७५ मध्ये तेथील पहिल्याच कसोटीत वेस्ट इंडीजच्या क्लाइव्ह लॉइडने द्विशतक झळकाविले तेव्हा त्याचे अभिनंदन करण्यासाठी एक तरुण मैदानात धावला. पोलिसांनी त्याला मारहाण केली आणि प्रेक्षक खवळून दंगल उसळली. दंगलीचे समर्थन होऊ शकत नाही. पण प्रतिस्पर्ध्याच्या कर्णधाराचे कौतुक करणाऱ्याला मारले म्हणून मुंबईचे प्रेक्षक चिडले होते, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. ३१ जानेवारी १९९९ रोजी चेन्नईच्या चेपॉक मैदानावर पाकिस्तानने भारताला अवघ्या १२ धावांनी हरविले तेव्हा दुःखी प्रेक्षकांनी उभे राहून विजेत्यांना मानवंदना दिली. २००४ साली हजारो भारतीय लाहोर-कराचीला गेले आणि तेथील आदरातिथ्याच्या कथा घेऊन परतले. उलट १४ ऑक्टोबर २०२३ रोजी अहमदाबादला विश्वचषकातील सामना झाला तेव्हा प्रवेशपत्रांअभावी पाकिस्तानी प्रेक्षक जवळपास नव्हतेच. त्यामागे राजकारणाची कारणे होती आणि त्यांचा विचार वेगळा करावा लागेल. परंतु लाखाहून अधिक माणसे मावणारे ते मैदान एकाच रंगाने भरलेले पाहताना खेळाच्या दृष्टीने काही उणे होते, हे कबूल करावयास हरकत नसावी.

मैदानावरील वैर टिकवूनही माणुसकी टिकविता येते, याला बेसबॉलच्या इतिहासातच पुरावे आहेत. १९६५ च्या ऑगस्टमध्ये जायंट्सच्या हुआन मॅरिशलने डॉजर्सच्या जॉन रोझबरोच्या डोक्यात भर सामन्यात बॅट घातली. रोझबरोला १४ टाके पडले. पुढे हे दोघे मित्र झाले. श्रेष्ठ खेळाडूंच्या मानाच्या यादीत मॅरिशलची निवड व्हावी म्हणून रोझबरोने स्वतः शब्द टाकला आणि १९८३ साली ती झाली. एप्रिल २०१३ मध्ये बोस्टनच्या मॅरेथॉन शर्यतीत बॉम्बस्फोट झाले. दुसऱ्याच दिवशी यांकी स्टेडियमवर, बोस्टनचा संघ तेथे नसताना, फेनवे पार्कवर नेमाने वाजणारे ‘स्वीट कॅरोलाइन’ हे गाणे मुद्दाम लावण्यात आले आणि न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी ते साथीने म्हटले. ज्या गाण्याची एरवी तेथे टर उडाली असती, ते त्या संध्याकाळी सांत्वनाचे झाले. वैऱ्याचे गाणे न्यूयॉर्ककरांना पाठ होते, ते काही अंशी तरी फेनवेच्या सामन्यांना वर्षानुवर्षे जाऊन आल्यामुळे. परक्या मैदानावर जाणारा प्रेक्षक असा दोन गावांमधला दुवा असतो. त्याचे येणे थांबले तर प्रतिस्पर्ध्याचे गाणे कोणाला ठाऊकही राहणार नाही.

तेव्हा करावयाचे ते फार अवघड नाही. मोटारतळापासून शेवटच्या रांगेपर्यंत दिवे आणि पहारा असावा आणि त्यावरील खर्च हा तिकिटाच्या किमतीतलाच एक भाग समजला जावा. मद्यविक्रीची वेळ नफ्यावरून नव्हे, घरी परतणाऱ्यांच्या सुरक्षिततेवरून ठरावी. आसनावरून त्रास देणाऱ्याची तक्रार करता यावी, आणि ती करणाऱ्याची टोपी कोणत्या रंगाची आहे हे पाहण्याआधी तिची दखल घेतली जावी. मोठ्या सामन्यांसाठी काही आसने दोन्ही बाजूंच्या सामान्य माणसाला परवडतील अशा ठरीव दरात ठेवावीत. तिकीट घेणाऱ्याचा पत्ता विचारण्याचा हव्यास क्लबांनी कायमचा सोडावा. आणि यजमान चाहत्याने मनसोक्त ओरडावे, पाहुण्या संघाची रेवडी उडवावी. फक्त शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला त्याच्या मुलादेखत मान खाली घालावयास लावू नये.

२०२० साली साथीमुळे बेसबॉलचा हंगाम बराच काळ रिकाम्या मैदानांवर खेळला गेला. खुर्च्यांवर पुठ्ठ्याच्या प्रतिमा बसविल्या होत्या आणि ध्वनिक्षेपकांवरून गर्दीचा आवाज ऐकविला जात होता. त्या पुठ्ठ्यांना वैर नव्हते आणि कोणाला दुखविण्याची शक्तीही नव्हती; असे निर्धोक प्रेक्षक कोणालाही नको होते. मैदानाला जिवंत माणसे हवी असतील, तर त्यांत विरुद्ध बाजूची माणसेही आलीच. त्यांच्याकडून तिकिटाचे पैसे घेतल्यावर ती सुखरूप घरी पोचतील, एवढी हमी देण्याचे कर्तव्य क्लबांना नाकारता येणार नाही.